तुझ्या गाडीची चाकं मी बदलली

प्रिय भुंग्या,

आधी कबुली देऊन टाकते. फोनवर सांगितलं असतं तर तू ओरडला असतास. पत्रावर कितीही ओरडलास तरी मला ऐकू येणार नाही. तुझ्या गाडीवरचं कव्हर मी काढलं आहे. नुसतं काढलं नाही, गेले दोन महिने मी ती रोज चालवते आहे, घाटातून, जायचे एकतीस आणि यायचे एकतीस किलोमीटर. शेडच्या दारावर तू कागद चिकटवून गेला होतास: आठवड्यातून एकदा दहा मिनिटं सुरू करायची, गिअरला हात लावायचा नाही. तो कागद अजून तिथेच आहे, मी फक्त त्याच्याकडे बघत नाही. आता दुसरी गोष्ट, ती बसून वाच. तुझी ती वीस इंची काळी चाकं मी काढली. जुन्या चादरींत गुंडाळून तुझ्या पलंगाखाली सरकवली आहेत, एकावरही ओरखडा नाही. गाडीला आता अठरा इंची साधी चंदेरी चाकं आहेत आणि त्यांवर चार नवे टायर. एखाद्या पैलवानाने घरातल्या चपला घालून बाहेर पडावं तशी दिसते. हसून घे, पुढे हसण्यासारखं फार नाही.

माझ्या छोट्या गाडीचा क्लच गेला, तिथून हे सुरू झालं. एरवी मी बसने गेले असते. पण त्याच आठवड्यात माझ्याकडे एक पाहुणी राहायला आली होती, सातव्या महिन्यातली. कोण ते सांगते, जरा दम धर. मला जमेल त्या क्रमाने सांगू दे. तिच्या बाळाची वार खालीच, गर्भाशयाच्या तोंडावर बसली होती. असं असलं की काही दुखत नाही, खुपत नाही, आणि एकाएकी रक्त जायला लागतं. एकदा गेलंही होतं. मी सव्वीस वर्षं रक्तपेढीत काढली आहेत रे. अशा बाईला किती पिशव्या लागू शकतात हे मला कुणी सांगावं लागत नाही. मोठं हॉस्पिटल घाटापलीकडे, आणि आपल्या बाजूला रुग्णवाहिका एकच, ती कधी कुठे असेल याचा नेम नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, भरती होऊन राहा. ही म्हणाली, त्या वॉर्डात मी झोपणार नाही. तिच्या त्या म्हणण्याला कारण होतं आणि ते डॉक्टरीणबाईंनाही ठाऊक होतं. शेवटी तोडगा निघाला. सकाळी मी कामावर जाताना तिला सोबत न्यायचं, दिवसभर तिने रक्तपेढीच्या मागच्या खोलीत पाय वर करून पडायचं, माझी कामाची पाळी संपली की दोघींनी परत यायचं, आणि चौतिसावा आठवडा भरला की मुकाट्याने भरती व्हायचं. अटी दोनच: गाडी सतत दारात हवी आणि ती आदळता कामा नये. दारात उभी राहील अशी गाडी आपल्या घरात एकच होती.

तुझ्या गाडीला मी घाबरते हे तुला माहीत आहे. पायाने नुसता विचार केला तरी ती पुढे झेप घेते. पहिल्या आठवड्यात मी बैलगाडीच्या वेगाने गेले. मागचे लोक हॉर्न वाजवून वाजवून दमले. दुसऱ्या आठवड्यात थंडी पडली. खाणीच्या वळणावर सकाळी रस्ता नुसता ओलसर दिसत होता, चकाकतही नव्हता. मी वेग कमी करायला ब्रेकला पाय लावला आणि गाडीची मागची बाजू आम्हा दोघींना सोडून निघाली. स्टिअरिंग माझ्या हातात होतं, पण ते कशालाच जोडलेलं नसावं असं वाटलं. समोरचा डोंगर खिडकीतून सरकत गेला, मग दरी आली, मग ज्या रस्त्याने आलो तोच रस्ता समोर आला आणि सगळं थांबलं. मागचा बंपर कठड्याच्या दगडापासून दोन विती अंतरावर होता. ती पोटावर दोन्ही हात ठेवून बसली होती. ओरडली नाही. हलकेच म्हणाली, ‘आता ब्रेक सोडला तरी चालेल.’ तेव्हा मला कळलं की मी सीटवरून अर्धी उठून त्या पेडलवर उभी होते.

त्याच दुपारी मी बाजारामागच्या टायरवाल्याकडे गेले. तू त्याला ओळखत नसशील. चष्मा दोरीने गळ्यात, ऐकायला कमी येतं, म्हणून सगळ्या जगाला बहिरं समजून बोलतो. त्याने आधी गाडीभोवती एक फेरी मारली, मग जमिनीवर आडवा झाला आणि आतून ओरडला, ‘ही चालवतं कोण?’ मी म्हटलं, मी. तो बाहेर आला आणि मला खालपासून वरपर्यंत बघून म्हणाला, ‘कशाला?’ भुंग्या, तुझे टायर वरून नवेकोरे दिसत होते. त्याने बाजूवरचे चार आकडे नखाने घासून दाखवले: कुठल्या आठवड्यात, कुठल्या वर्षी बनले ते. सहा वर्षांपूर्वीचे होते. मागच्या दोन्हींची आतली कड गुळगुळीत झाली होती, उभं राहून ती दिसतच नाही. आणि ते उन्हाळी टायर. ते वाईट नाहीत म्हणाला, उन्हात यांच्यासारखी पकड दुसऱ्या कशाला नाही. पण पारा सात-आठ अंशांच्या खाली गेला की त्यांचं रबर ताठ होतं. त्याने माझा अंगठा धरून टायरवर दाबला. ‘लागतंय का मऊ? हे लाकूड आहे.’ मला ते लगेच पटलं. कुठली वस्तू किती अंशांवर बिघडते हे सांभाळण्यातच तर माझी सगळी नोकरी गेली.

मी म्हटलं, मग बर्फाचे टायर द्या. तर तेही नाही. ते इतके मऊ असतात की दुपारच्या कोरड्या रस्त्यावर ही जड, जोरकस गाडी त्यांच्यावर डुलायला लागते, ब्रेक लागायला अंतर जास्त घेते आणि दोन-चार महिन्यांत त्यांची नक्षी पुसली जाते. साधे बारमाही टायर मागितले तर त्याने कपाळाला हात लावला. ते घरगुती गाडीचे, इतका जोर आणि इतका भार त्यांच्या बाजूच्या भिंतींना पेलवत नाही. मला हवे होते ते या दोन्हींच्या मधले, जोरकस गाड्यांसाठी बनवलेले बारमाही. उन्हाळ्यात उन्हाळीइतके नाहीत, बर्फात बर्फाच्या टायरइतके नाहीत; पण कुठल्याच ऋतूत ऐन वेळी हात सोडत नाहीत. तुझ्या वीस इंची चाकांसाठी त्याच्याकडे असा एकच प्रकार होता. कोरड्यात झकास, आवाज कमी, खाचा मात्र बारीक. दुसऱ्या प्रकाराला रुंद खाचा, गार पाण्यात आणि चिखलबर्फात पकड चांगली, बाजूवर बर्फात चालत असल्याचं डोंगराचं आणि हिमकणाचं चिन्ह. पण तो मागवायला नऊ दिवस लागणार. नऊ दिवस माझ्याकडे नव्हते. रोज उठून ती बाथरूममधून नीट बाहेर येते का याकडे कान लावून मी दिवस ढकलत होते.

‘तेच अठरा इंचीत आहेत,’ तो म्हणाला, ‘पण चाकंच बदलावी लागतील.’ तुझ्या गाडीचे ब्रेक मोठे, लहान चाक त्यांना घासेल की काय म्हणून त्याने एक जुनं चाक चढवून बघितलं, मधल्या फटीत करंगळी घातली, चाक हाताने फिरवलं आणि मान डोलावली. लहान चाक म्हणजे रबराची भिंत उंच, म्हणजे खड्डा कमी लागतो, हे त्याने ओघात सांगितलं आणि मी तिथेच निर्णय घेतला. तुझी आठवण नाही आली असं नाही. ती काळी चाकं आली त्या दिवशी तू त्यांना टूथब्रशने घासत बसला होतास. पण शेजारच्या बाकावर ती बसली होती, दोन्ही पाय टायरच्या चळतीवर ठेवून, आणि तिच्या घोट्यांवर सूज होती. मी म्हटलं, चारही बदला. त्याने विचारलं, गाडीत रोज कोण बसतं, वजन किती? मी सांगितलं, आम्ही दोघी. मग म्हटलं, अडीच. तो पहिल्यांदाच हळू आवाजात बोलला. म्हणाला, उद्या सकाळी पुन्हा या, तुम्हाला ब्रेक मारायला शिकवतो.

आणि शिकवलंही. बाजाराच्या मागे भाजीचे ट्रक धुतात ते आवार ओलं करून ठेवलं होतं त्याने. चाळीसच्या वेगाने यायचं आणि त्याने हात खाली केला की ब्रेकवर जीव खाऊन पाय द्यायचा. पायाखाली पेडल थरथरतं, गाडी दात वाजवल्यासारखी करते, आणि मी प्रत्येक वेळी घाबरून पाय काढायचे. तो धावत यायचा, ‘थरथरतंय ते तुमच्यासाठी काम करतंय! पाय काढायचा नाही! दाबायचं आणि जिथे जायचंय तिथे बघायचं!’ अकरा वेळा केलं. बाराव्या वेळी गाडी सरळ रेषेत, त्याच्या बुटांपासून चार पावलांवर थांबली. त्याने बुटांकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि म्हणाला, ‘आता मी पुढे उभा राहणार नाही, पण तुम्ही पास.’

आता पाहुणी कोण ते. तुला कळलंच असेल, तू काही बुद्दू नाहीस. तू जाऊन सहा आठवडे झाले होते. सकाळी तपासणीचे नमुने घेऊन बसले होते, आणि एका बाटलीवर आपलं आडनाव दिसलं. पुढे तुझ्या बायकोचं नाव. गट ओ निगेटिव्ह, विभाग प्रसूतिपूर्व. मी ती बाटली उजेडात धरून पुन्हा वाचली. दुसऱ्या दिवशी संत्री घेऊन, तू गेल्यावर तिने घेतलेल्या खोलीवर गेले. तिने दार उघडलं आणि माझ्या खांद्यावर डोकं टेकलं. तुला सांगू नका म्हणाली. मला आधी राग आला. वाटलं, तू तिला सोडून इतक्या लांब पुलाच्या कामावर निघून गेलास त्याची ही परतफेड. तसं नव्हतं. ती म्हणाली, ‘आई, त्या वॉर्डात दोनदा पोटातलं गेलं तेव्हा तो कसा झाला ते तुम्ही पाहिलंय. हेही गेलं तर त्याला कळायलाच नको.’ मी पाहिलं होतं. दुसऱ्या खेपेनंतर तू तिच्याशी बोलायचा थांबलास आणि ही गाडी आणलीस, आणि रोज संध्याकाळी एकटाच घाटात जायचास. ती घरात वाट बघायची, मी माझ्या घरात. तू म्हणालास, आता पुरे. तिला वाटलं, तू तिलाच पुरे म्हणतोयस. म्हणून मी शब्द दिला. तू रविवारी फोन करायचास तेव्हा ती माझ्या समोरच्या खुर्चीत बसलेली असायची. तू विचारायचास, आणखी काय विशेष, आणि मी म्हणायचे, काही नाही. ती खिडकीकडे तोंड करायची.

चौतिसावा आठवडा भरायला चार दिवस होते. मंगळवार होता, आम्ही परत येऊन चहा टाकला होता. बाहेर पाऊस आणि बर्फाची भुरभुर एकत्र पडत होती. तिने आतून हाक मारली, एकदाच, ‘आई.’ त्या एका हाकेत मला सगळं कळलं. फरशीवर रक्त होतं, थोडं नाही. रुग्णवाहिका खालच्या खोऱ्यात गेली होती. मी तिला दुलईत गुंडाळून मागच्या सीटवर आडवं केलं, पायांखाली उशा दिल्या, फोन डॅशबोर्डवर लावला आणि रक्तपेढीत सांगितलं की तिच्यासाठी जुळवून ठेवलेल्या चार पिशव्या बाहेर काढा आणि आणखी चार बघा. मग निघाले. भुंग्या, त्या दिवशी मी तुझी गाडी तुझ्यासारखी चालवली. चढावर तिने जो जोर दिला तो माझ्या छोट्या गाडीने जन्मात दिला नसता. मी मागे तिला सारखी बोलती ठेवत होते. ती पाढे म्हणत होती, आणि सतराच्या पाढ्यात तिचा आवाज पुसट व्हायला लागला.

खिंड ओलांडून उतार लागला आणि वळणापलीकडे दगडाचा ट्रक आडवा होता. दोन्ही बाजू अडलेल्या, फक्त डोंगराकडे एका गाडीपुरती पट्टी मोकळी, तीही चिखलबर्फाने भरलेली. माझा वेग जास्त होता, खोटं कशाला सांगू. मी ब्रेकवर पाय दिला आणि काढला नाही. पेडल थरथरायला लागलं, ट्रकची मागची फळी मोठी होत गेली, तिच्यावरचे खिळे दिसायला लागले. गाडी हलली नाही, सरकली नाही, नाक सरळ ठेवून थांबत गेली आणि थांबली. फळी आणि आपलं बॉनेट यांच्यात माझा हात मावला असता. ट्रकवाला खाली उतरून हातवारे करत होता, पुढे जाऊ नका, रुताल. मी काच खाली करून एवढंच म्हटलं, मागे गरोदर बाई आहे. तो माणूस बाजूला झाला आणि त्या पट्टीतून स्वतः पुढे चालत राहिला, पाय कुठे बुडतो ते दाखवत. मी त्याच्या पावलांवर चाकं टाकली. चाकं एकदा फिरली, दोनदा फिरली, मग त्या रुंद खाचांनी खालचं काहीतरी धरलं आणि आम्ही पलीकडे निघालो. मागून पाढे ऐकू येत नव्हते.

तिला दारातूनच आत नेलं. मला तिथे काही काम नव्हतं, म्हणून मी माझ्या कामावर गेले. कोट चढवला, हात धुतले आणि खिडकीशी उभी राहिले. माझी सहकारी म्हणाली, तुम्ही बसा. बसून काय केलं असतं? शस्त्रक्रियेच्या खोलीतून चिठ्ठी यायची, मी पिशवीवरचा आकडा वाचायचे, ती पुन्हा वाचायची, आणि वॉर्डबॉय पळायचा. पहिल्या दोन एकदम गेल्या. मग तिसरी, चौथी. पाचवीची चिठ्ठी आली तेव्हा लिहिणाऱ्याचं अक्षर बदललेलं होतं. सहावी. सातवी मी स्वतः जुळवली. आणि मग चिठ्ठ्या थांबल्या. सव्वीस वर्षांत मला एक गोष्ट कळली आहे. चिठ्ठ्या दोनच कारणांनी थांबतात, आणि खिडकीच्या या बाजूला उभं राहून कुठलं ते समजत नाही. आठवी पिशवी टेबलावर होती. मी तिच्यावरचा आकडा वाचत राहिले, इतक्यांदा की अजून पाठ आहे. वीस मिनिटं गेली. फोन वाजला तो सहकारिणीने उचलला. तिने ऐकलं, आणि फोन खाली न ठेवताच रडायला लागली, आणि मला वाटलं, संपलं. मग ती म्हणाली, ‘दोघी आहेत हो. दोघीही आहेत.’

मुलगी आहे. एक किलो नऊशे ग्रॅम. पहिले सहा दिवस काचेच्या पेटीत होती, आता आईजवळ आहे. कान तुझे, रडताना घशातून जो घुंघुं आवाज काढते तोही तुझाच. सूनबाई फिकट आहे, पण काल खोलीत चार पावलं चालली. आता हे सगळं का लिहिलं ते सांगते. परवाच्या रविवारी तू म्हणालास, काम वाढलंय, आणखी तीन वर्षांचा करार देतायत, महिनाअखेरीला सही करतो. मी ‘बरं’ म्हणाले आणि फोन ठेवला. मग जाणवलं की इतके दिवस मी गप्प होते तो शब्द पाळणं होतं, यापुढे गप्प राहिले तर ते तुला फसवणं होईल. मी तिला तसंच सांगितलं. तिने मुलीचं दुपटं सारखं केलं. म्हणाली, ‘लिहा. पण ये म्हणून लिहू नका.’ म्हणून मी तसं लिहिणार नाही. फक्त काल डोळ्यांनी पाहिलं तेवढं सांगते. जन्माच्या नोंदीचा अर्ज घेऊन कारकूनबाई आल्या होत्या. वेळ, वजन, आईचं नाव, सगळं भरून झालं आणि वडिलांच्या रकान्यापाशी पेन थांबलं. कारकूनबाईंनी विचारलं, रेघ मारू का? सूनबाई म्हणाली, ‘रेघ नको. थोडे दिवस रिकामाच ठेवा.’ सही करण्याआधी तुला हे माहीत असावं, एवढ्यासाठीच हे पत्र.

तुझीच,
आई